पाय लटपटतात, तरी दोरावर जायचंय

सहलीत रॅपलिंग (दोरानं कडा उतरणं), झिपलाइन (तारेला लटकून घसरत जाणं), झुलता पूल असं काही समोर आलं की उंचीला घाबरणाऱ्यांची पंचाईत होते. नाही म्हणावं तर चुकल्यासारखं वाटतं, हो म्हणावं तर आदल्या रात्रीपासून पोटात गोळा. या वेळी अशाच वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दोन महिन्यांनी मित्रांबरोबर फिरायला जायचं आहे. तिथे बंजी जंपिंग आहे. मला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतूनही खाली बघवत नाही. मित्र म्हणतात, एकदा उडी मारलीस की भीती कायमची जाईल. हे खरं आहे का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. उडी मारणाऱ्याला स्वतःचं कौतुक वाटतं, आठवडाभर व्हिडिओ सगळ्यांना दाखवून होतो, आणि पुढच्या वेळी गॅलरीत उभं राहिल्यावर पाय तसेच लटपटतात.

भीती उतरायची तर मेंदूला काही काळ एक अनुभव घ्यावा लागतो : आपण उंचावर आहोत, घाबरलो आहोत, तरी तिथेच थांबलो आहोत आणि ज्याची धास्ती होती ते घडत नाहीये. बंजीत याला वेळच मिळत नाही. काठावर भीती शिगेला पोचते, पुढचे काही सेकंद नुसतं पडणं, मग दोर वर खेचतो आणि खेळ संपतो. त्यातून डोळे मिटून उडी मारली असेल तर उंची पाहिलेलीच नसते. उडी मारल्यावर मध्येच ‘थांबा’ म्हणायची सोय नाही. आणि कुणी हसत हसत ढकललं, तर भीती जाण्याऐवजी चांगली मुरते.

म्हणून प्रकार निवडताना तीन गोष्टी बघा. मध्येच थांबता येतं का, तेच पुन्हा करता येतं का, आणि उंची थोडी थोडी वाढवता येते का. या तिन्हींत कृत्रिम भिंतीवरचं चढण सगळ्यात सरस. दोर वरून बांधलेला असतो, ३ मीटरवर ‘बस’ म्हटलं तर तिथेच दोरावर बसता येतं, दम घेऊन वर जाता येतं किंवा खाली उतरता येतं. कमी उंचीचं रॅपलिंग आणि झाडांमधला किंवा खांबांमधला दोरमार्ग हेही चांगले. झिपलाइनमध्ये मध्येच थांबता येत नाही, पण लागोपाठ चार-पाच वेळा करता येते, त्यामुळे ती निम्मी उपयोगी.

पॅराग्लायडिंगची गोष्ट वेगळी. पायलटबरोबर जोडीनं उडताना उंचीला घाबरणारे अनेक जण वर गेल्यावर चक्क शांत होतात, कारण डोळा आणि जमीन यांना जोडणारी भिंत किंवा कडा समोर नसते. अवघड असतं ते उताराकडे धावत सुटणं. तिथे पायलट सांगेपर्यंत पाय थांबवायचे नाहीत. घाबरून आधीच बसकण मारली की दोघंही घसरत जातात. मात्र तिथली शांतता गॅलरीत उपयोगी पडेलच असं नाही. हवेत काठच नसतो, तुमची भीती काठाची आहे.

बंजी करायचीच असेल तर शेवटी करा, आणि मजा म्हणून करा. उपचार म्हणून नको.

प्रश्न : विमानात खिडकीशी बसून मी मजेत खाली बघते, पण घरात शिडीच्या चौथ्या पायरीवर डोळे गरगरतात. हे मनाचे खेळ म्हणायचे का?

नाही, यात शरीराचा मोठा भाग आहे. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो : आतला कान, पायांचे सांधे-स्नायू आणि डोळे. उभं असताना माणूस सतत किंचित डोलत असतो. जवळच्या स्थिर वस्तूंच्या तुलनेत डोळ्यांना ते डोलणं कळतं आणि शरीर लगेच सावरतं. जवळात जवळची वस्तू दोन-तीन मीटरपेक्षा लांब गेली की तेवढंच डोलणं डोळ्यांना टिपता येत नाही. मग डोलणं वाढतं, कान आणि पाय एक सांगतात, डोळे दुसरंच, आणि मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. विमानात तुम्ही टेकून बसलेल्या असता आणि खिडकीची चौकट हातभर अंतरावर असते, म्हणून तिथे काही होत नाही.

घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो. मान ताठ, नजर क्षितिजावर खिळलेली आणि पोटऱ्या दगडासारख्या आवळलेल्या, याने डोलणं आणखी बिघडतं. त्याऐवजी जवळच्या स्थिर वस्तूवर, म्हणजे कठड्यावर, खडकावर किंवा स्वतःच्या हातावर नजर ठेवा. कठडा घट्ट पकडायची गरज नाही, बोटं टेकवली तरी शरीराला आधाराची खबर मिळते. गुडघे किंचित सैल सोडा. सरकते ढग आणि वाहतं पाणी काठावरून उभ्यानं बघू नका, बसून बघा. काठावर उभं राहून मोबाइलच्या पडद्यातून किंवा दुर्बिणीतून बघितलं की आजूबाजूचे सगळे स्थिर आधार नजरेआड होतात. फोटो काढायचाच तर पाठ टेकून काढा.

चष्मा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांचा असेल तर खाली पाहताना वाचायचं भिंग मध्ये येतं आणि पायरी धूसर दिसते. शिडीवर आणि कड्यावर लांबचं दाखवणारा साधा चष्मा वापरा. आणि अंथरुणात कूस बदलतानाही खोली फिरल्यासारखी वाटत असेल, तर दुखणं उंचीचं नाही, कानाचं असू शकतं. नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवा, यातला नेहमी आढळणारा प्रकार मान ठरावीक तऱ्हेनं फिरवून बरा करता येतो.

प्रश्न : सहलीला सहा आठवडे आहेत. घरबसल्या काय सराव करावा?

घरबसल्या फारसं होणार नाही, बाहेर पडावं लागेल. एका कागदावर तुम्हाला भीती वाटते अशा आठ-दहा जागा लिहा आणि प्रत्येकीला ० ते १० पैकी गुण द्या. पहिल्या मजल्याची गॅलरी ३, पादचारी पूल ४, सरकत्या जिन्याची कडेची बाजू ५, आरपार दिसणारा लोखंडी जिना ७, गच्चीचा कठडा ८, असं काहीसं. सुरुवात ३ किंवा ४ पासून. अगदी शून्यापासून सुरू केलं तर वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

जागेवर जाण्याआधी एका वाक्यात लिहा की काय घडेल असं वाटतंय. ‘चक्कर येऊन कठड्यावरून पडेन’, ‘पाय इतके थरथरतील की उभं राहता येणार नाही’. मग तिथे थांबा. पाच मिनिटांत पळ काढू नका, अर्धा तास तरी हाताशी ठेवा. दर पाच मिनिटांनी गुण लिहा. आकडा सहसा आधी चढतो, मग रेंगाळतो, मग उतरायला लागतो. खाली आल्यावर ते वाक्य पुन्हा वाचा आणि खरंच काय घडलं ते शेजारी लिहा. भीती शून्यावर आली पाहिजे असं काही नाही. लिहिलेलं घडलं नाही, हे मेंदूनं पाहणं जास्त मोलाचं. आठवड्यातून तीन-चारदा, शक्यतो वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी जा. एकाच पुलावर रोज गेलात तर त्या पुलाचीच भीती जाते.

सगळ्यात जास्त बिघडतं ते आकडा वर असताना निघून आल्याने. ‘निघालो म्हणून वाचलो’ असा धडा मेंदू घेतो आणि पुढची खेप आणखी जड जाते. निघावंसं वाटलंच तर काठापासून दोन पावलं मागे या, आकडा थोडा उतरला की परत पुढे. दुसरी गोची चोरट्या आधारांची. कुणाचा तरी दंड पकडून ठेवणं, गाणी ऐकत उभं राहणं, नजर सतत मोबाइलमध्ये, असं केलं की मेंदू यश त्या आधाराच्या खात्यावर टाकतो. पहिल्या दोन खेपांना चालेल, नंतर सोडा.

श्वास सावकाश ठेवा : चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. भराभर श्वास घेतल्यानेच बोटांना मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं, मग त्यालाच माणूस चक्कर समजतो. उंचीच्या भीतीत नाडी आणि रक्तदाब वाढतात, त्यामुळे बेशुद्ध पडण्याची शक्यता मुळात कमी. रक्त पाहून भोवळ येते तो प्रकार वेगळा.

आभासी वास्तवाचा चष्मा लावून केलेल्या सरावाचाही उपयोग होतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १०० जणांवर घेतलेली चाचणी प्रसिद्ध केली. त्यात हा उपचार घेतलेल्यांची भीती सरासरी दोन तृतीयांश कमी झाली होती. पण भीतीमुळे नोकरी, घर, रोजचा रस्ता बदलायची वेळ आली असेल, आणि हे सहा महिने चाललं असेल, तर कागद-पेन्सिलीवर भागवू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : रॅपलिंग करायचं ठरवलंय. खाली उतरण्यापेक्षा काठावर पाठ करून उभं राहण्याचीच भीती वाटते. तिथे नेमकं काय करायचं?

तुम्ही बरोबर जागा हेरलीत. रॅपलिंगमधली भीती पहिल्या दोन मीटरमध्येच असते. एकदा दोरावर वजन पडलं की बाकीचं उतरणं सोपं.

पहिला कडा १० ते १५ मीटरचा, काटकोनापेक्षा थोडा कललेला आणि खालपर्यंत पाय टेकतील असा निवडा. आत वळलेल्या कड्यावर पाय सुटून माणूस अधांतरी लोंबतो, तो पहिल्या दिवसासाठी नाही. काठापासून तीनेक मीटर मागेच तुम्हाला अँकरला, म्हणजे दोर बांधायच्या पक्क्या आधाराला, जोडलेल्या छोट्या दोरात अडकवायला हवं. काठावर जाऊन जोडणी करणारा प्रशिक्षक दिसला तर सरळ नाही म्हणा.

क्रम असा. आधी हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि हेल्मेटची तपासणी. मग तुमच्या हार्नेसला बिलेचा, म्हणजे वरून सांभाळणारा स्वतंत्र दोर. मग उतरायच्या दोरावर डिसेंडर (उतरण्याचा वेग आवरणारी धातूची वस्तू) बसतो. तो ‘फिगर ऑफ एट’ असेल तर दोराचा वेढा मोठ्या कडीतून काढून लहान कडीच्या गळ्यात टाकलेला असतो आणि लहान कडी स्क्रूच्या कॅराबिनरनं (उघडता येणारं दार असलेल्या धातूच्या कडीनं) हार्नेसला जोडलेली. स्क्रू बंद आहे का ते स्वतः बोटानं दाबून बघा. आता इथेच, सपाटीवर, मागे झुकून डिसेंडरवर सगळं वजन टाका. दोर ताणला गेला, काही सरकलं नाही, याची खात्री पटल्यावरच तो छोटा दोर सोडायचा. भित्र्या माणसासाठी ही वजन टाकायची पायरी सोन्यासारखी आहे, कारण दोर धरतो हे इथेच अंगाला कळतं. घाईत ती गाळली जाते. तुम्ही मागून घ्या.

मग छोटी पावलं टाकत मागे. ब्रेकचा हात, म्हणजे डिसेंडरखालचा दोर धरणारा हात, कमरेच्या मागे. तो कधीही, कशासाठीही सोडायचा नाही. नाक खाजलं तर दुसरा हात आहे. वरचा दोर दोन्ही हातांनी कवटाळणं ही भीतीची पहिली प्रतिक्रिया, पण तसं धरून काहीच थांबत नाही, नुसते पंजे दुखतात.

काठावर पाय खांद्याइतके फाकवा, टाचा काठाला, आणि आता दोर थोडा थोडा सोडत खुर्चीत बसल्यासारखं मागे बसत जा. पाय कड्याशी जवळजवळ काटकोनात येईपर्यंत पाऊल खाली टाकू नका. इथेच बहुतेकांचं चुकतं : शरीर ताठ राहतं, पाय आधी खाली जातात, बूट घसरतो आणि गुडघे किंवा तोंड खडकावर आदळतं. झुकायला घाबरणारा माणूसच घसरतो. पूर्ण मागे झुकलात तरच बुटांचा तळ खडकाला घट्ट धरतो.

नजर कुठे? आधी डिसेंडरवर, मग स्वतःच्या बुटांपाशी, मग पुढची पावलं टाकायच्या दोन-तीन मीटरवर. काठ ओलांडल्यावर प्रशिक्षकाला सांगून तिथेच अर्धं-एक मिनिट थांबा. लटकून थांबायला जमलं की काम झालं. सिनेमातल्यासारख्या उड्या मारू नका, अँकरला हिसका बसतो आणि दोर कड्यावर घासतो. केस बांधून हेल्मेटखाली घाला, ओढणी आणि सैल शर्टाची टोकं आत खोचा. डिसेंडरमध्ये केस अडकले तर वजन काढल्याशिवाय सुटत नाहीत. हातमोजे चामड्याचे, पूर्ण बोटांचे. खाली पोचल्यावर डिसेंडरला उघडा हात लावू नका, तो तापलेला असतो.

आणि पहिल्या उतरणीवर समाधान मानून जेवायला बसू नका. त्याच दिवशी त्याच कड्यावर आणखी दोन-तीनदा करा. पहिल्यांदा माणूस नुसता निभावून नेतो, शिकतो दुसऱ्या-तिसऱ्यांदा.

प्रश्न : साधनं सुरक्षित आहेत की नाही, हे आमच्यासारख्या नवख्याला कसं कळणार?

सगळं नाही कळणार, पण बरंच दिसतं. हार्नेसचा कमरपट्टा कमरेच्या हाडांच्या वर हवा. खाली ओढून बघा, तो ढुंगणावरून उतरता कामा नये. पट्ट्याखाली सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये. बकलमधून बाहेर आलेलं पट्ट्याचं टोक चार बोटं तरी लांब हवं. शिवण उसवलेली, रंग उडालेली किंवा पट्ट्याच्या कडा केसाळ झालेल्या असतील तर दुसरा हार्नेस मागा. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या दोन बोटं वर, आणि मान हलवली तरी जागेवर.

कॅराबिनरवर कोरलेले आकडे वाचा. उभ्या दिशेला साधारण २२ किलोन्यूटन किंवा जास्त, आडव्या दिशेला किंवा दार उघडं असताना ७च्या आसपास. १ किलोन्यूटन म्हणजे जवळपास १०० किलोचा भार. म्हणजे तोच कॅराबिनर आडवा फिरला की त्याची ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून तो उभाच ताणला जातोय ना, हे पाहायचं. दोराच्या वरच्या विणीतून आतला पांढरा गाभा दिसत असेल तर तो दोर बाद. कड्याच्या धारेवर दोराखाली जाड कापड किंवा पॅड असावं.

विचारायचे प्रश्न थोडेच. अँकर किती जागी बांधलाय? (एकाच जागी असेल तर नको.) बिलेचा दोर वेगळा आहे का? कुणी मध्येच अडकलं तर खाली कसं आणता? वारा-पाऊस आल्यावर कधी थांबवता? उत्तर देताना माणूस वैतागला तर तेही एक उत्तरच. आणि काठावर वावरणारा प्रशिक्षक स्वतः दोराला अडकलेला आहे का, तेवढं बघा. आम्ही तर सगळ्यात आधी तेच बघतो.

प्रश्न : माझं वजन ४२ किलो आहे. झिपलाइनवर मध्येच थांबले तर?

हलकी माणसं थांबतात, विशेषतः समोरून वारा असेल तर. गुडघे पोटाशी घेऊन अंग आवळलं की वेग टिकतो. तरी थांबलात तर तार जिथे सर्वांत खाली झुकलेली असते तिथे मागे घरंगळून याल. ते धोक्याचं नाही, फक्त कंटाळवाणं. पुढच्या टोकाकडे पाठ करा आणि हातमोजे घातलेल्या हातांनी तार धरून एकेक हात मागे टाकत स्वतःला ओढा, किंवा स्वस्थ बसा, माणूस येऊन नेतो. वेगात असताना मात्र हात तारेवरून पळणाऱ्या चाकाच्या पुढे कधीही न्यायचा नाही. ब्रेक हातानं लावायला सांगितलं असेल तर तळवा चाकाच्या मागेच. वजन किती ते खरं सांगा, ब्रेकचा हिशेब त्यावर असतो.

प्रश्न : कड्यावर उभं राहिलं की उडी मारावीशी वाटते. मला जगण्याचा कंटाळा आलेला नाही, मग असं का?

हा अनुभव पुष्कळांना येतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आत्महत्येचा विचार कधीही न केलेल्या विद्यार्थ्यांपैकीही निम्म्यांहून अधिक जणांनी तो सांगितला. संशोधकांचा अंदाज असा की, शरीर झटकन मागे सरकतं, मेंदू मागाहून कारण शोधतो आणि ‘मला उडी मारायची होती’ असा चुकीचा अर्थ लावतो. दोन पावलं मागे या, बसा, विचार येऊन जाऊ द्या. पण कड्यावर नसतानाही मरणाचे विचार येत असतील, तर आजच घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : जाण्याआधी शांत राहायची गोळी किंवा एखादा पेग घेतला तर चालेल?

पेग नाही. तोल आणि निर्णय दोन्ही जातात, आणि चांगला प्रशिक्षक वास आल्यावर परत पाठवतो. झोपेच्या किंवा चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांनी हालचाल मंदावते आणि झालेला अनुभव मेंदूत नीट मुरत नाही, म्हणजे सगळा खटाटोप वाया. नाडी कमी करणाऱ्या गोळ्या दमा असलेल्यांना घातक ठरू शकतात, त्या मनानं घेऊ नका.

हृदयरोग, ताब्यात नसलेला रक्तदाब, अपस्मार, गरोदरपण, पाठीची किंवा मानेची शस्त्रक्रिया, ठिसूळ हाडं, काचबिंदू किंवा दृष्टिपटलाचा त्रास असेल तर बंजी नकोच. इतर प्रकार डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : मागच्या सहलीत माझी नणंद झुलत्या पुलाच्या मध्यावर थिजली. आम्ही सगळे ‘काही होत नाही, खाली बघू नकोस’ म्हणत राहिलो आणि ती जास्तच रडायला लागली. काय करायला हवं होतं?

दहा जणांनी बोलणं आधी थांबवायचं. एकानेच बोलायचं, तिच्या जवळ जाऊन, हळू आवाजात. बाकीच्यांनी पुलावरून उतरायचं, कारण प्रत्येक पावलानं पूल हलतो. ‘काही होत नाही’ हे तिला खोटं वाटतं, तिला तर होतंय. ‘घाबरलीस ना, थांबू या’ एवढं पुरे.

तिला खाली बसवा, दोन्ही हात दोरावर. नजर स्वतःच्या हाताकडे किंवा तुमच्या चेहऱ्याकडे. श्वास तुम्ही मोठ्यानं मोजा. तिला मागून ढकलू नका आणि ओढूही नका. तुम्ही पुढे उभे राहा, पाठीची पिशवी तिला धरू द्या आणि एका वेळी एकच सूचना द्या : ‘उजवा हात पुढे सरकव. आता उजवा पाय.’ टोक किती लांब आहे ते सांगू नका, पुढचा खांब सांगा. चालताना पाय फळीच्या मधोमध, पावलं तुमच्याशी जुळवून नकोत, नाहीतर पूल जास्त झुलतो.

हार्नेसमध्ये लटकलेला माणूस थिजला असेल तर प्रकरण वेगळं. तिथे धीर देत बसायचं नाही. निपचित लटकल्याने पायांत रक्त साचतं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. पाय हलवायला, कड्यावर टेकायला किंवा स्लिंगमध्ये (पट्ट्याच्या फासात) उभं राहायला सांगा आणि प्रशिक्षकाला लगेच खाली घ्यायला लावा.

पुलावरून परत जायचं की पुढे, हे तिला ठरवू द्या. परत यायचं ठरवलं तरी लगेच गाडीत बसवू नका. पुलाच्या तोंडाशी, जिथे तिला सोसवेल तिथे, अर्धा तास बसा. बरं वाटलं तर तिला पहिल्या पाच फळ्यांपर्यंत जाऊन यायला सांगा. त्या वेळी मोबाइल खिशात ठेवा, व्हिडिओ कुणी काढायचा नाही.